रांगेत राहिलेले छत

ज्या इमारतीत मी चाकरी करतो, तेथे माणसांपेक्षा यंत्रांच्या गारव्याची चिंता अधिक वाहिली जाते. तळमजल्यावरील विस्तीर्ण दालनात लोखंडी कपाटांच्या ओळी उभ्या आहेत आणि त्या कपाटांत बसविलेले संगणक अहोरात्र हिशेब करीत असतात. रुग्णालये, हवामानाचे कार्यालय, पूल बांधणारे, बोगदे खोदणारे, अशा नाना ठिकाणांहून गणिते येतात, सुटतात आणि परत जातात. त्या गणितांचे मला काही कळत नाही. गणित सुटताना जी उष्णता निर्माण होते ती पाण्याच्या नळांवाटे बाहेर काढणे, पंखे व फिल्टर स्वच्छ ठेवणे आणि कॉम्प्रेसरच्या आवाजाकडे कान देऊन राहणे, एवढेच माझे कार्य होय.

माझी पत्नी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर रांगेच्या टेबलाशी बसत असे. संगणक कितीही बलाढ्य असला तरी सर्वांची कामे त्याला एकदम हाती घेता येत नाहीत. आलेली कामे रांगेत थांबतात आणि कोणते आधी घ्यावे, हे ठरवावे लागते. बहुतेक निवड एक प्रोग्राम करीत असे. परंतु जेथे प्रोग्रामचे घोडे अडे, किंवा दोन कार्यालये हमरीतुमरीवर येत, तेथे निवाडा माझ्या पत्नीचा. तिला आणखी एक सवय होती. सकाळी आल्यावर पर्स खुर्चीला अडकवायची आणि चहाला हात लावण्यापूर्वी रांगेत सर्वांत जुने झालेले काम शोधून ते आपल्या हाताने सर्वांच्या पुढे आणून ठेवायचे. तसे करावे असे कोणी सांगितले नव्हते. ओटा पुसल्याशिवाय स्वयंपाकघरातला दिवा मालवू नये, तद्वत ते तिच्या अंगवळणी पडले होते.

"शिळं आधी उचलायचं," ती म्हणे. "नाहीतर तिथंच पडून वास मारतं."

तिचा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहत असे. डोंगराच्या पोटातून रस्त्यासाठी एक बोगदा खोदला जात होता, तेथे तो मोजणीदार होता. तीन पायांवर दुर्बीण उभी करून, खोदलेले छत आदल्या दिवसापेक्षा किती खाली बसले, हे तो पाही. सारा दिवस बिळात वावरायचा म्हणून पत्नी त्याला उंदऱ्या म्हणे आणि पुढे तेच नाव सर्वांच्या तोंडी बसले. घरी आला की त्याच्या भुवयांवर दगडाची पांढरी पूड असे.

"आधी तोंड धू," पत्नी ओरडे. "उद्या मुलगी बघायला गेलास तर त्यांना वाटेल, आजोबाच आलेत."

"बरंच आहे की. आजोबांना हुंडा मागायची लाज वाटते, असं समजून लगेच हो म्हणतील."

"दाजींना विचार, मी यांना हो का म्हटलं ते."

"का म्हटलंत, दाजी?"

"माझ्याकडे पंखा होता," मी सांगे, आणि आमच्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात हशा पिके. वाचकहो, पुढे जे घडले ते सांगण्यापूर्वी आमचे घर हसते होते, एवढे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

मग ते कार्ड आले.

तळहाताएवढी हिरवी पाटी आणि तिच्या मध्यभागी एक चंदेरी चौकोन, असे त्याचे बाह्य स्वरूप होते. ते बसवायला आलेला तरुण अत्यंत विनयशील होता. आम्ही त्याला कार्डवाला म्हणू लागलो. कार्डाला स्वतंत्र पाण्याची नळी हवी होती म्हणून मला वर बोलावण्यात आले, आणि त्यामुळेच पुढील संभाषण मी माझ्या कानांनी ऐकले.

कार्डवाल्याने समजावून सांगितले की, छोटी छोटी कामे इतकी वाढली आहेत की कोणते आधी घ्यायचे, हे ठरविण्यातच संगणकाचा पुष्कळ वेळ वाया जातो. आचारी स्वयंपाक करायचे सोडून दारात उभा राहून पाहुणेच मोजत बसला, तर जेवण कधी शिजणार? आता निवडीचे काम प्रोग्रामकडून काढून या कार्डाला दिले जाईल. त्याच्यात दुसरे काहीच नाही, केवळ निवड. डोळ्याची पापणी लवण्याच्या आत ते निवडील.

"तुम्ही काम कसं निवडता, ते सगळं सांगा, ताई," तो म्हणाला.

पत्नीने सारे सांगितले. शेवटी म्हणाली, "आणि सकाळी आल्या आल्या सगळ्यात जुनं काम पुढे घेते."

"ते का?"

"का म्हणजे? ते थांबलेलं असतं म्हणून."

तरुण किंचित ओशाळला. "हे कार्ड लहान काम आधी घेतं, ताई. किती वेळ खाईल ते बघतं आणि सगळ्यात छोटं उचलतं. कोण कधीपासून उभं आहे, हे लक्षात ठेवायला यात जागाच नाही. ती ठेवली असती तर वेग गेला असता. पुढच्या कार्डात येईल म्हणतात."

आमचे साहेब बाजूला उभे होते. ते म्हणाले, "अहो बाई, रांगच उरणार नाही, तर रांगेत म्हातारं कोण होणार?"

सारे हसले. पत्नीही हसली. मी नळीचा नट आवळत होतो.

आणि साहेबांचे म्हणणे खरे ठरले, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कार्ड बसल्यावर रांग पाहता पाहता वितळली. रुग्णालयांतील तपासण्यांची चित्रे, ज्यांसाठी डॉक्टर ताटकळत बसत, ती क्षणार्धात तयार होऊ लागली. पत्नी वेळेवर घरी येऊ लागली. फरक एवढाच झाला की, निवड आता कार्डाच्या पोटात होत असल्यामुळे तिच्या पडद्यावर रांग दिसे, परंतु हलविता येत नसे. दुकान बंद झाल्यावर काचेतून आतल्या वस्तू पाहाव्यात, तशी ती पाहत बसे.

परंतु वेगाची कीर्ती पसरली. जी कार्यालये पूर्वी आपले हिशेब आपणच करीत, तीही आमच्याकडे धावली. शिवाय माणूस मोठा चलाख प्राणी आहे. कार्ड लहान कामाला आधी घेते, हे कळताच प्रत्येकाने आपले मोठे काम फोडून त्याचे तुकडे पाठवायला आरंभ केला. रांग पूर्वीपेक्षाही लांब झाली, मात्र ती इतक्या लगबगीने पुढे सरके की कोणाची तक्रार येईना. जे काम तुकडे न होता संपूर्ण आले होते, ते तेवढे शेवटी उभे राहिले. त्याच्यापेक्षा लहान काम सदैव येतच होते.

ते काम उंदऱ्याच्या बोगद्याच्या छताचे होते.

बोगद्यात एके ठिकाणी दगड भुसभुशीत लागला होता. छताला लोखंडी कमानींचा आधार नेहमीच्या अंतरावर द्यावा की दाट द्यावा, हे ठरविण्यासाठी तेथील इंजिनिअरने त्या संपूर्ण भागाचे गणित आमच्याकडे धाडले होते. एका दगडाचा भार शेजारच्या दगडावर असतो, म्हणून सारे छत एकत्रच धरावे लागते, असे उंदऱ्याने मला जेवताना डब्याचे झाकण पालथे घालून समजावले. उत्तर येईपर्यंत काम थांबवावे, ही इंजिनिअरची इच्छा होती. ठेकेदाराची नव्हती. खोदाई चालूच राहिली आणि कमानी नेहमीच्याच अंतरावर बसत राहिल्या.

रोज हात धुता धुता तो विचारी, "ताई, माझं छत कुठं पोचलं?"

"शेवटून पहिलं."

"चला, कुठं तरी पहिलं आलं. शाळेत कधी आलं नव्हतं."

एके दिवशी त्याने थट्टा केली नाही. भाजी चिवडीत म्हणाला, "छत बसतंय. केसभर, पण रोज बसतंय."

पत्नीचा हात थांबला. "मग तू आत जाऊ नकोस."

"मी नाही गेलो तर बाकीचे थांबणारेत का? ते जाणारच. निदान मी असलो तर ओरडेन तरी."

"ओरडायला दुसरा कुणी ठेवा म्हणावं."

"दुसऱ्याला ताई नसते का?"

पत्नीने ताट उचलले आणि बराच वेळ नळाखाली धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. कार्ड थोडा वेळ काढावे, रांग हाताने हलवू द्यावी, एवढेच तिचे मागणे होते. कार्ड काढायचे तर पाणी बंद करावे लागणार, म्हणून मीही सोबत होतो.

साहेबांनी तिचे ऐकून घेतले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. "कार्ड काढायचं म्हणजे सगळंच थांबवायचं, बाई," ते म्हणाले. "रुग्णालयाची कामं अर्ध्यात तुटतील. तिथंही कुणाचा तरी जीव टांगलेलाच असतो. आज तुमच्या भावासाठी थांबवलं, उद्या दुसऱ्या कुणाचा भाऊ येईल."

"दुसऱ्याच्या भावाचं असतं तरी मी उचललंच असतं, साहेब. रोज उचलत होते."

साहेबांनी आमच्यादेखत कार्डाच्या कंपनीला फोन लावला. नवे कार्ड तयार होत आहे, देखभालीच्या दिवशी यंत्र बंद राहीलच तेव्हा बसवू, असे उत्तर मिळाले. तो दिवस अद्याप दूर होता. फोन ठेवून साहेब म्हणाले, "तोवर त्यांना तुकडे करून पाठवायला सांगा ना. सगळेच पाठवतात."

वाटेत जिन्यावर पत्नीने मला विचारले, "छताचे तुकडे होतात का हो?"

मी म्हणालो, "त्यांचा इंजिनिअर सांगेल."

इंजिनिअरने होतील म्हणून कळविले, परंतु एक अट घातली. जेथे दोन तुकडे जुळतात तेथला दगड दोन्ही तुकड्यांत धरावा लागेल. उंदऱ्याने ती अट आम्हांस आपल्या शब्दांत सांगितली: "दोन कापडं जोडताना शिवणीत थोडं कापड दोन्हीकडचं जातं ना, तसं. शिवण जेवढी रुंद, तेवढं पक्कं. पण कापड जास्त लागतं."

तुकडे आले. पत्नीने पडद्यावर पाहिले. रुंद शिवणींमुळे तेही मोठेच भरले होते. इतर कार्यालयांचे चिटुकले तुकडे त्यांना ओलांडून पुढे पळत होते. तिने भावाला फोन केला, "अजून मोठे आहेत रे. थोडे लहान करायला सांग." इंजिनिअरने शिवण थोडी बारीक केली. तरी कार्ड त्यांना शिवेना. तिने पुन्हा फोन केला. त्या दिवसांत तिकडे छत केसभर खाली येतच होते आणि इंजिनिअरवर ठेकेदाराचा तगादा होता. उत्तर मुळीच नसण्यापेक्षा थोडे कच्चे उत्तर बरे, असे तिघांनाही वाटले असावे. शिवण आणखी बारीक झाली, आणखी एकदा झाली, आणि अखेर नावापुरती उरली. तेव्हा कार्डाने ते तुकडे एका दमात उचलले. पत्नी चहाचा पेला घेऊन टेबलाशी परतली तो सारी उत्तरे येऊन पडली होती.

एकूण एक तुकडा सुरक्षित होता. कमानी नेहमीच्या अंतरावर पुरेशा होत्या.

त्या संध्याकाळी उंदऱ्या शीळ घालीत जिना चढला. येताना बहिणीसाठी लोकरीची शाल घेऊन आला. "वरच्या मजल्यावर दाजी तुला गोठवतात ना," तो म्हणाला, "म्हणून."

पत्नीने शाल खांद्यावर घेतली. मग विचारले, "शिवणींचं काय?"

"अगं, तुकडा अन् तुकडा ठणठणीत आहे."

"तुकडे ठणठणीत आहेत. मी शिवणींचं विचारलं."

"इंजिनिअर म्हणाले, चालेल. आणि दोन दिवस झाले, छत हललेलं नाही. झोपलंय आता." त्याने माझ्याकडे वळून डोळे मिचकावले. "दाजी, हिला सांगा, रांग संपली तरी ही रांगेतच उभी आहे."

मी तसे सांगितले. तीही मग हसली, शाल काढून घडी घातली आणि माझ्या सदऱ्यांच्या वर ठेवून दिली.

छत पडले ती दुपारची वेळ होती. मी कपाटांमागे बसून फिल्टर धूत होतो. पत्नी दालनात आलेली मला प्रथम कळलेच नाही, कारण पंख्यांच्या घोंगावण्यात पावलांचा आवाज बुडून जातो. गारठा सोसत नसल्यामुळे ती खाली कधी येत नसे. त्या दिवशी अंगावर काही न घेता ती दोन कपाटांच्या मधल्या वाटेत उभी होती. तिच्या हातातला फोन चालूच होता आणि त्यातून कोणीतरी "ऐकताय ना? ऐकताय ना?" असे विचारीत होते. मी ओल्या हातांनी तो घेतला.

उंदऱ्या ओरडला होता. त्याच्या ओरडण्याने बाकीचे सारे बाहेर पळाले. मोजणाऱ्याची जागा सर्वांत आत असते, त्यामुळे त्याला सर्वांत लांबून पळायचे होते.

त्याला बाहेर काढायला फार वेळ लागला. मी ओळख पटविण्यास बोगद्यावर गेलो; छत पडले ती जागाही तेथे मला दाखविण्यात आली. त्याच्या भुवया नेहमीसारख्याच पांढऱ्या होत्या. पुसाव्यात म्हणून मी रुमाल काढला आणि मग तो तसाच खिशात ठेवला.

चौकशीचे लोक आमच्याकडेही येऊन गेले. त्यांनी साहेबांना विचारले, कार्डवाल्याला विचारले, पत्नीला विचारले. प्रत्येकाने खरे तेच सांगितले. कार्डाने त्याला सांगितलेलेच काम केले होते. तुकडे करण्याची पद्धत सर्वमान्य होती. शिवण इंजिनिअरने आपल्या सहीने बारीक केली होती. खरी उत्तरे एकापुढे एक मांडून झाल्यावर त्यांतून दोष कोठे निघेना.

घरी आम्ही दोघे समोरासमोर बसून जेवू लागलो. तिसरे ताट ती मांडीत नसे, परंतु पाण्याचे भांडे मात्र हात चुकल्यासारखे तिसऱ्या जागी ठेवी आणि मग उचली. एकदा मी म्हणालो, "तू त्याच्यासाठी धडपडलीस."

"मी लहान करा, लहान करा म्हणत राहिले," ती म्हणाली. "फोनवर. प्रत्येक वेळी मीच म्हटलं. तो नुसता बरं म्हणायचा."

"साहेबांनीच सुचवलं होतं."

"एकदा. पुढे मी."

मी तिला खोटे पाडू शकलो नाही, आणि तिला खरे मानणेही मला शक्य नव्हते. मी भाजी वाढली. तिने ती खाल्ली.

काही दिवसांनी साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. तुकडे पाठविताना मूळचे संपूर्ण काम रद्द करावयाचे राहून गेले होते. ते अजून रांगेच्या शेवटी उभे होते. "बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ते आता काढून टाकू या का? तुम्हाला रोज समोर दिसतं ते."

"राहू दे," ती म्हणाली. "त्याची पाळी आली नाही अजून."

साहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. ती रोज सकाळी येई, पर्स खुर्चीला अडकवी, चहाला हात न लावता रांगेच्या शेवटाकडे पाही आणि मग बाकीचे काम सुरू करी. उचलण्याची सोय नव्हती. नुसते पाहणे होते.

अखेर देखभालीचा दिवस उजाडला. कोणीही नवी कामे पाठवू नयेत, अशी सूचना सर्व कार्यालयांना आधीच गेली होती. कार्डवाला नवे कार्ड पेटीत घालून घेऊन आला. पूर्वीपेक्षा तो कृश दिसत होता आणि पत्नीच्या नजरेस नजर देत नव्हता. सकाळपासून छोटी कामे एकेक करून आटत गेली. रांग आखूड होत होत एका कामावर आली, आणि ज्याच्याहून लहान असे काही उरलेच नाही ते काम कार्डाने तत्काळ उचलले. कार्डाच्या मनात काही आकस नव्हता.

मी खाली होतो. मला ते पाण्यावरून समजले. छोटी कामे आली की इथले कपाट तापते, तिथले निवते, नळांना सवय असते. त्या दिवशी सारी कपाटे एकाच वेळी तापली. परतीचे पाणी हात लावता येणार नाही इतके कढत झाले. कॉम्प्रेसरचा सूर चढला. असा भार यंत्रावर पूर्वी कधी पडला नव्हता. यंत्र आपोआप बंद पडेल की काय, अशी भीती वाटून मी राखीव पंप सुरू केला, दालनाची दारे सताड उघडली आणि हाताने चाक फिरवून पाणी वाढवीत राहिलो. माझ्या मेहुण्याचे छत माझ्या डोक्याभोवतीच्या कपाटांत दगडादगडाने रचले जात होते. ते निववण्याचे काम माझे होते. माझ्या दंडांना गोळे आले, तरी मी चाक सोडले नाही. ते कोणासाठी, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही.

वरून साहेबांचा निरोप आला की, देखभालीचे तंत्रज्ञ खोळंबले आहेत, आणखी किती वेळ लागेल? मग दुसरा निरोप आला, लागेल तेवढा लागू दे.

सूर उतरला तेव्हा मी जिना चढून गेलो. पत्नीच्या पाठीमागे साहेब आणि कार्डवाला उभे होते. पडद्यावर एक लांब कमान उमटली होती. तिचा बहुतेक भाग हिरवा होता. केवळ एके ठिकाणी, अरुंद पट्टीएवढा, तांबडा रंग होता. तो पहिल्या तुकड्याच्या अखेरीस होता आणि दुसऱ्याच्या आरंभास. खाली लिहिले होते की येथे कमानी दाट घालाव्यात.

पत्नीने त्या तांबड्या पट्टीवर बोट ठेवले. "इथं," ती म्हणाली.

ते ठिकाण मला माहीत होते. मी तेथे जाऊन आलो होतो.

कार्डवाल्याने पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ताई," तो अडखळत म्हणाला, "नव्यात जागा ठेवली आहे. कोण कधीपासून थांबलंय, ते हे लक्षात ठेवतं. बसवायचं तर आता बंद करावं लागेल. करू का?"

तिने रांगेकडे पाहिले. पडदा रिकामा होता.

"करा," ती म्हणाली. "आता कोणी थांबलेलं नाही."

मी खाली गेलो आणि पाणी बंद केले. पंखे एकामागून एक थांबले. इतक्या वर्षांत त्या दालनात प्रथमच शांतता झाली. माणसाच्या उबेसारखी ऊब कपाटांतून बराच वेळ बाहेर येत होती. पत्नी जिना उतरून आली. त्या दिवशी तिने शाल घेतली होती. मी नळ पुसून काढेपर्यंत ती एका कपाटाला पाठ टेकून उभी राहिली.